चपलेतला खडा

म्हातोबाच्या टेकडीवर सकाळी चढताना चपलेत खडा शिरला, की पाऊल आपोआप जपून पडतं. खडा ज्वारीच्या दाण्याएवढा, पण वाकून तो काढेपर्यंत सगळा जीव तळपायात येतो. इंग्रजीतला ‘स्क्रुप्युलॉसिटी’ हा शब्द अशाच खड्यातून निघाला आहे. अर्थ फाजील दक्षता: आपल्या हातून काही चुकलं तर नाही ना, ही न थांबणारी टोचणी.

लॅटिनमध्ये ‘स्क्रुपस’ म्हणजे टोकदार दगड. ‘स्क्रुप्युलस’ हा त्याचा बारका खडा. रोमन लोकांनीच तो पायातून मनात नेला. इसवीसनपूर्व 80 मध्ये रोस्कियस नावाच्या अशिलाचा बचाव करताना रोमन वकील सिसेरो न्यायाधीशांना सांगतो, की याची मालमत्ता बळकावणाऱ्याच्या मनात एक खडा रात्रंदिवस टोचतो आहे, तो तुम्ही उपटून द्यावा अशी त्याची मागणी आहे. रोस्कियस अजून जिवंत आहे, हाच तो खडा! पुढे ख्रिस्ती धर्मात या शब्दाला पापभीतीचा अर्थ चिकटला. 1522 च्या सुमारास पुढे संत ठरलेला इग्नेशियस लोयोला स्पेनमधल्या मानरेसा गावी होता. पापांची कबुली देऊन झाली तरी काही राहिलं असेल या शंकेनं तो हैराण होई, पुन्हा कबुली द्यायला जाई.

हाच खडा तराजूतही बसला. इंग्रज औषधविक्रेत्यांचं ‘स्क्रुपल’ हे वजन 20 ग्रेनांचं होतं. आपला तोळा 1833 मध्ये 180 ग्रेनांचा ठरला, म्हणजे स्क्रुपल तोळ्याचा बरोबर नववा भाग. सोनाराच्या हिशेबात साडेदहा गुंजांहून थोडं जास्त. मला या शब्दातलं हेच फार आवडतं. टोचणीचं वजन किती कमी असतं, ते त्यातच तोलून ठेवलं आहे.

मराठीत शंका टोचत नाही, तिची पाल चुकचुकते. रोमन माणसाची शंका पायाखाली, आपली भिंतीवर. म्हणून तो थांबून खडा काढायला बघतो. आपण कान देऊन उभे राहतो.

कोथरूडच्या आमच्या घरातून निघताना आई कुलूप दोनदा ओढून बघते. जिना उतरून झाल्यावर विचारते, “गॅस बंद केला होता ना रे?” मी वर जाऊन बघून येतो. बंदच असतो. तिचा चेहरा मात्र तेव्हा कुठे मोकळा होतो.