आजोळच्या भिंतीवरील इतिहास

वसईच्या इतिहासाचा विषय निघाला म्हणजे मनश्चक्षूंपुढे प्रथम किल्ला उभा राहतो. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने पोर्तुगीजांस दिलेली वसई, १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी सर केलेला किल्ला आणि १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने येथेच इंग्रजांशी केलेला तह, ही हकीकत शाळकरी मुलांसही ठाऊक असते. परंतु ज्या वसईत आपल्या ज्ञातीच्या कित्येक पिढ्यांनी उन्हाळ्याच्या सुट्ट्या घालविल्या, ती वाड्यांची, रहाटांची आणि बावखलांची वसई पाहावयाची तर आपल्याच घरांत शोधावी लागते. कोणा मामांनी जलरंगात काढलेले चित्र, आजीने भरलेला मॅटीचा तुकडा, मावशीने ओवलेले मण्यांचे तोरण, यांत ती टिकून आहे. हा ठेवा इतिहासाचे साधन होय, एवढेच प्रस्तुत लेखात आम्हांस सांगावयाचे आहे.

आजोळची ही सुट्टी बव्हंशी आगगाडीने घडविली. १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते बॅकबे अशी पहिली लोकल गाडी धावली. नोकरीनिमित्त मुंबईस राहिलेल्या कुटुंबांना मूळ गावाशी संबंध राखणे त्यामुळे सुलभ झाले. १९३६ मध्ये विरारपर्यंत विजेची गाडी आली आणि ही ये-जा अधिकच वाढली. परीक्षा आटोपल्या की मुले वसईस किंवा विरारला उतरत, आणि तेथून टांग्याने आगाशी, निर्मळ, अर्नाळा अशा गावी जात. केळीच्या बागा, पानवेलींचे मांडव, उन्हात वाळणारी सुकेळी आणि रहाटाचा संथ कुरकुर आवाज, हे सारे त्यांच्या स्मृतीत कायमचे ठसले. ज्यांच्या हातात कला होती त्यांनी ते कागदावर वा कापडावर उतरविले.

अशा चित्रांचे मोल केवळ कौतुकापुरते नाही. रहाटाला कोणते जनावर जुंपले आहे, पोहरे मातीचे की पत्र्याचे, पाणी कोणत्या पाटाने बागेत जाते, घरावर कौले आहेत की झावळ्या, स्त्रियांनी लुगडे कोणत्या पद्धतीने नेसले आहे, हे सारे त्यांवरून कळते. स्टेशनाचे चित्र असून रुळांवर विजेच्या तारा दिसत असतील, तर ते १९३६ पूर्वीचे नव्हे, असे निश्चित म्हणता येते. मात्र तारा दिसत नाहीत एवढ्यावरून ते जुने ठरविणे धाडसाचे होईल. कारण चित्रकार नको ते गाळतो.

कौटुंबिक कलेस केवढी योग्यता येऊ शकते, याचे उदाहरण चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांच्या घराण्यात दिसते. पाठारे प्रभू ज्ञातीतील या कलावंताने आपल्या समाजाचे विवाह, पेहराव आणि गृहजीवन चित्रित केले. त्यांच्या कन्या अंबिकाबाई याही चित्रकार झाल्या आणि उभयतांनी आत्मचरित्रे लिहून ठेविली. चित्राला शब्दांची जोड मिळाली, म्हणूनच त्या घराचा काळ आज आपणांस वाचता येतो.

नावाची आणि स्थळाची ही जोड नसेल तर काय होते? आमच्या पाहण्यात एक जलरंगातील चित्र आले. त्यात विहीर, रहाट आणि एका बाजूस कललेले उंडीचे झाड आहे. मागे ‘निर्मळ, वैशाख’ एवढीच अक्षरे. घरातील कोणासही ती विहीर ओळखता येईना. अखेर नात्यातील एका वृद्ध आत्याबाईंनी त्या झाडावरून वाडी सांगितली, चित्र आपल्या थोरल्या बहिणीने काढले असेही सांगितले. आज त्या विहिरीवर इमारत उभी आहे. आत्याबाईंची स्मृती नसती, तर ते चित्र मुकेच राहिले असते, आणि त्या भगिनीचे नावही बुडाले असते. घरातील भरतकाम तर बहुतेक असेच निनावी असते.

सोपाऱ्यास १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरला; अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही तेथेच मिळाला. नवव्याचा तुकडा भुईगावी मिळाला तो १९५६ मध्ये. दगड शतकानुशतके होताच. तो ओळखणारी दृष्टी नंतर आली. पण दगडाला जो अवधी मिळाला, तो कागदास आणि कापडास मिळणार नाही. २००९ साली येथे महानगरपालिका झाली. वाड्यांच्या जागी वसाहती उठल्या, कित्येक बावखले बुजली. उरले आहे ते भिंतीवर आणि ट्रंकेत.

म्हणून ज्ञातिबंधुभगिनींस आमची विनंती आहे की, घरात असे चित्र वा विणकाम असेल तर ते ज्येष्ठांपुढे ठेवावे. कर्त्याचे वा कर्तीचे नाव, गाव, वाडी आणि अदमासे साल विचारून घ्यावे. चित्राच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने, कापडाच्या बाबतीत वेगळ्या चिठ्ठीवर, ते लिहावे. छायाचित्र काढून नातेवाइकांस पाठवावे. या कामास ना पैसा लागतो ना विद्वत्ता. लागते ती एक निवांत दुपार आणि सांगणारे माणूस. पैकी दुपारी पुष्कळ येतील.