यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान : रस्त्याने प्रवास

यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या वायव्य भागातील संरक्षित प्रदेश. क्षेत्रफळ सुमारे ८,९८० चौ. किमी. त्यातला जवळजवळ ९६ टक्के भाग वायोमिंग राज्यात येतो. उरलेल्या कडा मोंटॅना आणि आयडाहो या राज्यांत जातात. १ मार्च १८७२ रोजी राष्ट्राध्यक्ष युलिसीस ग्रँट यांच्या सहीने स्थापन झालेले हे जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान मानले जाते. १९७८ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. गरम पाण्याची कुंडे, वाफेची विवरे, उकळत्या चिखलाचे डबरे आणि गायझर म्हणजे उकळत्या पाण्याचे फवारे मिळून दहा हजारांहून अधिक भूऔष्णिक स्थळे येथे आहेत. जगातल्या जिवंत गायझरांपैकी सुमारे निम्मे एकट्या यलोस्टोनमध्ये आढळतात. बायसन, एल्क, मूस, प्रॉन्गहॉर्न, लांडगे, काळी अस्वले आणि ग्रिझली अस्वले यांचेही हे घर आहे, आणि यातले बरेच काही मोटारीच्या रस्त्यावरून दिसते. प्रवासाची आखणी करताना गायझर एका दिवशी आणि प्राणी दुसऱ्या दिवशी अशी वाटणी सहसा केली जाते. प्रत्यक्षात जमिनीखालच्या उष्णतेने दोन्हींना बांधून ठेवले आहे. ते ध्यानात ठेवून फिरले तर वाटेवरच्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

जमिनीखालची उष्णता : उद्यानाचा मोठा भाग एका ज्वालामुखीच्या खचलेल्या मुखात वसला आहे. सुमारे २१ लाख, १३ लाख आणि ६ लाख ४० हजार वर्षांपूर्वी येथे तीन महाउद्रेक झाले. शेवटच्या महाउद्रेकानंतर खचलेले मुख सुमारे ७० किमी लांब आणि ४५ किमी रुंद आहे. म्हणूनच आत शिरल्यावर ज्वालामुखीचा डोंगर कुठेच दिसत नाही. आपण त्याच्या पोटातून गाडी चालवत असतो. शेवटचा लाव्हा सुमारे ७० हजार वर्षांपूर्वी वाहिला. ज्वालामुखी लवकरच फुटणार अशा बातम्या अधूनमधून येतात. तेथील भूकंपांवर आणि जमिनीच्या फुगण्या-खचण्यावर सतत नजर ठेवणारे शास्त्रज्ञ मात्र अशा बातम्यांना आधार नसल्याचे वेळोवेळी सांगत आले आहेत.

महाराष्ट्राच्या वाचकाला हा भूगोल अगदीच परका नाही. सह्याद्रीचा काळा कातळही खंडाच्या खाली असलेल्या तप्त स्थानावरून भूपट्ट सरकताना ओतलेल्या लाव्ह्याचाच आहे, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. फरक असा की आपला भूपट्ट त्या स्थानापासून कधीच दूर गेला, यलोस्टोन अजून आपल्या वेगळ्या तप्त स्थानाच्या डोक्यावर आहे. वज्रेश्वरी-गणेशपुरी, उन्हवरे, तुरळ, राजवाडी येथील गरम झऱ्यांचे पाणी भेगांतून खोलवर जाऊन तापून वर येते. त्यांच्याखाली शिलारसाचा साठा नाही. यलोस्टोनखाली तो आहे.

गायझर तयार व्हायला तीन गोष्टी लागतात : मुबलक पाणी, प्रखर उष्णता आणि कुठेतरी अरुंद होणारी, दाब सोसणारी भूमिगत नळी. रायोलाइट खडकातली सिलिका गरम पाण्यात विरघळते आणि वर येताना नळीच्या भिंतींवर साचते; त्या लेपामुळे नळी घट्ट होते. या उंचीवर पाणी साधारण ९३ अंश सेल्सिअसला उकळते, पण खोलवरचे पाणी वरच्या पाण्याच्या भारामुळे त्याहून कितीतरी तापूनही द्रवच राहते. तळातून उठणारे वाफेचे बुडबुडे थोडे पाणी तोंडातून बाहेर ढकलतात. तेवढ्याने भार हलका होतो, खालचे पाणी एकदम वाफेत बदलते आणि सगळा स्तंभ आकाशात उडतो.

रस्ता : उद्यानाला पाच प्रवेशद्वारे आहेत. उत्तरेला गार्डिनर, ईशान्येला कुक सिटी, पूर्वेला कोडीकडून येणारा रस्ता, दक्षिणेला ग्रँड टिटन उद्यानाकडचा आणि पश्चिमेला वेस्ट यलोस्टोन हे गाव. सॉल्ट लेक सिटीहून पश्चिम द्वार सुमारे ५२० किमी पडते. अमेरिकेत राहणारी मराठी कुटुंबे विमानाने सॉल्ट लेक सिटीला उतरून भाड्याच्या गाडीने पुढे जाणे पसंत करतात, कारण टिटनची शिखरेही त्याच फेरीत पाहता येतात. आतला मुख्य रस्ता, ग्रँड लूप, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दुहेरी वेढा घालतो आणि सुमारे २३० किमी लांब आहे. त्याची आखणी डॅन किंगमन आणि हायरम चिटेंडन या लष्करी अभियंत्यांची. १८८६ ते १९१८ या काळात उद्यानाची राखणही लष्कराकडे होती. १ ऑगस्ट १९१५ पासून मोटारींना प्रवेश मिळाला. घोडे गाड्यांना बुजत, म्हणून दोनच वर्षांत घोडागाड्या कायमच्या हटवाव्या लागल्या.

वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी ७२ किमी आहे, पण नकाशावरच्या अंतरावरून वेळेचा हिशेब करू नये. बायसनचा कळप रस्त्यावर उतरला की अर्धा तास कुठे जातो ते कळत नाही. आतले रस्ते साधारणपणे एप्रिलच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत टप्प्याटप्प्याने खुले असतात. वर्षभर मोटारीला खुला राहणारा रस्ता एकच : उत्तर द्वारापासून लामार खोऱ्यातून ईशान्येकडे जाणारा. मोबाइलला बऱ्याच भागात सिग्नल मिळत नाही, पेट्रोलपंप मोजके आहेत, आणि आतली राहण्याची सोय कित्येक महिने आधीच भरते.

फायरहोल नदीकाठ : ग्रँड लूपवरच्या मॅडिसनहून दक्षिणेला ओल्ड फेथफुलपर्यंतचा २६ किमीचा तुकडा हा सगळ्या वाटेचा गाभा. नदीच्या दोन्ही काठांवर पहाटे इतकी वाफ असते की वस्ती जागी झाल्याचा भास होतो. ओल्ड फेथफुल हे नाव १८७० मध्ये वॉशबर्न, लँगफर्ड आणि डोन यांच्या मोहिमेने दिले. त्याचा फवारा साधारण ३० ते ५५ मीटर चढतो आणि दीड ते पाच मिनिटे टिकतो. आधी नुसती वाफ. मग दोन-चार हात पाणी उसळते आणि परत आत जाते. समोरच्या बाकांवरचे शेकडो मोबाइल वर होतात आणि खाली येतात. असे कितीदा तरी होते. मग एक उसळी मागे न फिरता चढत राहते, पाठोपाठ दुसरी तिच्याही वर जाते, आणि आवाज थोडा उशिराने कानावर येतो.

त्याच्या वेळेचे गणित साधे आहे. उद्रेक अडीच मिनिटांहून कमी चालला तर नळी पुरती रिकामी होत नाही आणि पुढचा तास-सव्वा तासात येतो. जास्त चालला तर दीड तासाच्या आसपास वाट पाहावी लागते. त्यावरून वर्तवलेली वेळ दहा मिनिटे अलीकडे-पलीकडे होऊ शकते. पूर्वी हे अंतर कमी होते. १७ ऑगस्ट १९५९ च्या हेबगेन लेक भूकंपाने आणि नंतरच्या धक्क्यांनी भूमिगत वाटा बदलल्या तसे ते वाढत गेले. गायझरच्या उंचवट्यावर सापडलेल्या, सिलिकेने दगड झालेल्या पाइनच्या लाकडावरून असेही दिसते की तेराव्या-चौदाव्या शतकांतल्या दीर्घ दुष्काळात तो कित्येक दशके बंदच होता. तोंडाशी झाडे वाढू शकली, ती त्यामुळेच.

बहुतेक प्रवासी हा एक उद्रेक पाहून गाडीकडे वळतात, याची खंत वाटते. त्यामागच्या लाकडी पायवाटेने नदीकाठी चालत गेले की कॅसल, ग्रँड, रिव्हरसाइड असे गायझर लागतात आणि त्यांच्याही अंदाजे वेळा फलकावर लिहिलेल्या असतात. रिव्हरसाइडचा फवारा तिरका, नदीवर कमान धरून पडतो. वाटेच्या शेवटी मॉर्निंग ग्लोरी कुंड आहे. पूर्वीच्या पाहुण्यांनी त्यात नाणी आणि कचरा टाकून तळाची वाट चोंदवली. पाणी थंड झाले, कडेचे जिवाणू आत सरकले आणि मूळचा गडद निळा रंग गेला.

ग्रँड प्रिझमॅटिक हे सुमारे ११० मीटर व्यासाचे कुंड याच पट्ट्यात आहे. मधले पाणी रंगद्रव्याच्या जिवाणूंना न सोसण्याइतके गरम, म्हणून स्वच्छ निळे. प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू साधारण ७३-७४ अंशांच्या वर जगत नाहीत. पाणी तेवढे निवते तिथे पिवळे कडे सुरू होते, मग नारिंगी, मग तपकिरी. रंग पाहून तपमान सांगता येते. जिवाणूंच्या गालिच्यावर बारीक माश्या चरतात, माश्यांवर कोळी आणि पक्षी टपलेले असतात. पायवाटेवर गुडघे टेकून बसले तर ही साखळी हातभर अंतरावर दिसते.

याच खोऱ्यातील मशरूम पूलमधून टॉमस ब्रॉक यांनी १९६६ मध्ये थर्मस अ‍ॅक्वाटिकस हा उष्णतेत वाढणारा जिवाणू मिळवला. त्यातील विकर उकळीच्या जवळही नासत नाही. कॅरी मलिस यांनी १९८३ मध्ये सुचवलेली, डीएनएच्या प्रती काढण्याची पीसीआर पद्धत या विकरामुळे व्यवहारात आली. मलिस यांना १९९३ मध्ये नोबेल मिळाले. कोविडच्या साथीत घराघरांत पोहोचलेल्या आरटी-पीसीआर चाचणीचे मूळ या कुंडापर्यंत जाते.

जलविभाजक, सरोवर, दरी : ओल्ड फेथफुलहून पूर्वेला जाताना क्रेग खिंडीत आयसा हे कमळांनी भरलेले छोटे तळे लागते. ते खंडाच्या जलविभाजकावरच आहे. त्याचे पाणी दोन्ही महासागरांकडे जाते, पण उलट्या बाजूंनी : पूर्वेकडून निघालेले पॅसिफिकला, पश्चिमेकडचे मेक्सिकोच्या आखातातून अटलांटिकला. पुढे यलोस्टोन सरोवर, समुद्रसपाटीपासून २,३५७ मीटर उंचीवर. सरोवरातून निघालेली नदी ९४ मीटरच्या लोअर फॉल्सवरून पिवळ्या-तांबड्या दरीत कोसळते. दरीचे कडे मऊ पडले तेही गरम पाण्याने आणि वाफेने रायोलाइट कुजवल्यामुळे. नॉरिस येथील स्टीमबोट हा जगातील सर्वांत उंच उडणारा जिवंत गायझर, ९० मीटरच्या वर; २०१८ मध्ये जागा होऊन त्याने २०१९ मध्ये ४८ उद्रेक केले, पण त्याची वेळ कुणालाच सांगता येत नाही. मॅमथ येथे मात्र पाणी चुनखडीतून येते, म्हणून गायझर नाहीत. पांढऱ्या पायऱ्यांचे डोंगर आहेत.

प्राणी : लामार आणि हेडन ही खोरी पहाटे आणि संध्याकाळी पाहावीत. दुपारी तिथे गवतच दिसते. अमेरिकेत बायसन प्रागैतिहासिक काळापासून सलग राहत आले असे ठिकाण यलोस्टोन हेच. शिकारीमुळे १९०२ मध्ये येथे जेमतेम दोन डझन उरले होते. खासगी कळपांतून २१ जनावरे आणून लामारमध्ये त्यांची पैदास केली गेली. आज संख्या काही हजारांत आहे. हिवाळ्यात बायसन डोके दोन्हीकडे झाडत बर्फ बाजूला सारतो आणि खालचे गवत खातो. बर्फ फारच चढला की कळप गायझरच्या मैदानांत येतात, कारण तिथली जमीन ऊबदार असते. या उबेची किंमतही आहे. फायरहोल-मॅडिसन भागात वर्षभर राहणाऱ्या एल्कच्या चाऱ्यात सिलिका आणि फ्लोराइड जास्त असते. त्यांचे दात लवकर झिजतात आणि ते इतर ठिकाणच्या एल्कपेक्षा लवकर मरतात.

लांडग्यांची हकिगत अधिक क्लेशकारक आहे. उद्यानाच्या कर्मचाऱ्यांनीच त्यांना मारले. १९२६ पर्यंत शेवटचे कळप संपले. १९९५ मध्ये कॅनडातील आल्बर्टातून १४ आणि १९९६ मध्ये ब्रिटिश कोलंबियातून १७ लांडगे आणून सोडण्यात आले. त्यानंतर एल्कची संख्या घटली, काही ठिकाणी विलो आणि अ‍ॅस्पेनची झाडी वर आली. त्यातला किती वाटा लांडग्यांचा आणि किती अस्वले, शिकार, दुष्काळ यांचा, यावर संशोधकांत मतभेद आहेत. लामारच्या रस्त्याकडेला दुर्बिणी रोवून उभ्या असलेल्या लोकांची टोळी दिसली की गाडी रीतसर थांब्यावर लावून तिथे जावे. वर्षानुवर्षे लांडगे पाहणारी ही माणसे नवख्याला आपली दुर्बीण आनंदाने देतात.

अस्वलांना मोटारीतून खाऊ घालण्याची चाल विसाव्या शतकात बराच काळ राजरोस चालू होती. अस्वलांना पोसणाऱ्या कचऱ्याच्या उघड्या जागा १९७० च्या सुमारास बंद झाल्या. आता अस्वले आणि लांडगे यांच्यापासून ९१ मीटर आणि इतर प्राण्यांपासून २३ मीटर अंतर ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. बायसन सुस्त दिसतो, पण ताशी ५५ किमी वेगाने धावतो, आणि येथे सर्वाधिक माणसे त्याच्याच शिंगांनी जखमी होतात. मुलाला त्याच्या शेजारी उभे करून फोटो काढणाऱ्या पालकांना थांबवणे हे पाहणाऱ्या प्रत्येकाचे काम आहे.

माणसे : १८७२ मध्ये हा प्रदेश निर्मनुष्य होता हे खरे नाही. अकरा हजार वर्षांपासून येथे माणसांचा वावर आहे. शोशोनींपैकी टुकुडिका, क्रो, ब्लॅकफीट, बॅनॉक इत्यादी लोकांचा या भूमीशी संबंध होता. ऑब्सिडियन क्लिफच्या काळ्या ज्वालाकाचेची हत्यारे ओहायोपर्यंत पोहोचली होती. उद्यान झाल्यावर या लोकांना बाहेर काढण्यात आले. १८७७ मध्ये लष्कर पाठीवर असताना नेझ पर्स लोक याच उद्यानातून निसटले. ओल्ड फेथफुलला नाव देणाऱ्या मोहिमेतील डोन हे १८७० मध्येच पिकुनी लोकांच्या हत्याकांडात सहभागी होते, म्हणून त्यांच्या नावाचे शिखर २०२२ मध्ये फर्स्ट पीपल्स माउंटन झाले.

बदलती जमीन : १९८८ च्या वणव्यांत उद्यानाचा ३६ टक्के भाग होरपळला. रस्त्यालगत एकाच उंचीची दाट पाइन दिसतात ती त्यानंतरची. लॉजपोल पाइनची काही फळे आगीच्या धगीनेच उघडतात. गरम कुंडांत पडून आजवर वीसहून अधिक माणसे दगावली आहेत. वरचा पापुद्रा कोरडा आणि भक्कम दिसतो, खाली उकळते पाणी असते, म्हणून लाकडी वाट कधीही सोडू नये. २३ जुलै २०२४ रोजी बिस्किट बेसिनमध्ये वाफेच्या स्फोटाने दगड-चिखल उडून ही वाटच मोडली; सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. जून २०२२ च्या पुराने उत्तर द्वाराचा रस्ता जागोजागी वाहून गेला आणि सगळ्या प्रवाशांना बाहेर काढावे लागले. त्या वर्षी ऑक्टोबरअखेर गार्डिनर आणि मॅमथ पुन्हा जोडले गेले, ते १८८० च्या दशकातला घोडागाड्यांचा जुना डोंगररस्ता रुंद आणि डांबरी करून.