जुन्या मोटारींचा जीर्णोद्धार

जुनं ते सोनं, असं आपण सहज म्हणून जातो. पण वाचकहो, हे सोनं चार चाकांवर रस्त्याने धावू लागलं, की प्रश्न नुसत्या कौतुकाचा राहत नाही. जुनी मोटार दुरुस्त करताना मूळपण किती राखायचं आणि जिवाची काळजी किती घ्यायची?

फोर्डची ‘मॉडेल टी’च घ्या. १९०८ ते १९२७ या काळात अशा सुमारे दीड कोटी गाड्या तयार झाल्या. तिच्या पुढच्या चाकांना ब्रेकच नव्हते. पायाचा ब्रेक गिअरपेटीतल्या ड्रमवर पट्टा आवळी. तो जोर दांड्यावाटे मागच्या आसाला पोहोचे. आसात बॅबिट या मऊ मिश्रधातूच्या चकत्या असत. कालांतराने त्या फुटल्या, की दातेरी चाकांची जुळणी सुटते आणि पायाचा ब्रेक निकामी होतो. उरतो हातब्रेक, तोही दुबळा. पुढची काचही साधी. अपघातात तिच्या सुऱ्याच व्हायच्या.

मग सगळंच बदलून टाकावं काय? तसं केलं तर गाडी जाऊन गाडीचं सोंग उरेल. ऐतिहासिक वास्तूंसाठी १९६४ साली व्हेनिसची सनद झाली. तिच्याच धर्तीवर ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय वाहनसंघाने २०१२ साली ट्यूरिनची सनद संमत केली. तिचं सार असं: बदल थोडा असावा, डोळ्यांत खुपू नये, पुन्हा काढता यावा, त्याची नोंद राहावी आणि काढलेले मूळ भाग गाडीबरोबरच जपावेत.

ही कसोटी लावून पाहा. बॅबिटच्या जागी पितळी-काशाच्या जातीच्या टिकाऊ चकत्या घातल्या, तर बाहेरून काहीच बदलत नाही. त्याच मापाची पदरी काच बसवली, तरी रूप तेच राहतं. दोन्ही बदल उद्या मागे घेता येतात. पण नवे ब्रेक बसवण्यासाठी मूळ सांगाडा कापला, तर ती जखम कायमची.

आणि जी गाडी कारखान्यातून निघाली तशीच्या तशी उरली आहे, तिचं काय? तिला हात लावू नये. ती संग्रहालयातच शोभते. जी रस्त्यावर आणायची, तिने मात्र थांबायला शिकलंच पाहिजे. समोरून रस्ता ओलांडणाऱ्या पोराला गाडीचं साल ठाऊक नसतं.