बार्शी लाइट रेल्वेच्या कामगारांचा दावा

कुर्डुवाडीहून पंढरपूर, मिरज आणि लातूर या दिशांना अडीच फुटी रुळांवरून दीर्घकाळ धावलेली बार्शी लाइट रेल्वे महाराष्ट्रास ठाऊक आहे ती वारकऱ्यांची गाडी म्हणून. परंतु नोकरीवरून दूर होताना मालकाकडून हक्काचे काय घ्यावयाचे, या प्रश्नाच्या भारतीय इतिहासात तिच्या कामगारांनी जे स्थान मिळविले, त्याचे स्मरण तिच्या मुलखातही आज फारसे कोणास उरलेले नाही.

ही रेल्वे एका विलायती कंपनीची. १८९५ च्या करारान्वये बारा महिन्यांची नोटीस देऊन ती विकत घेण्याचा अधिकार सरकारने राखून ठेवला होता. तो बजावून १ जानेवारी १९५४ पासून भारत सरकारने ती आपल्या ताब्यात घेतली. तत्पूर्वी, ११ नोव्हेंबर १९५३ रोजी, कंपनीने आपल्या नोकरांस लेखी कळविले की, ३१ डिसेंबरच्या दुपारनंतर सर्वांची नोकरी संपुष्टात येईल, आणि ज्यांची इच्छा असेल त्यांना रेल्वे बोर्डाच्या अटींवर कामावर घेण्याचा सरकारचा मानस आहे. गाडी तीच, रूळ तेच, सांधेवाल्याच्या हातातील कंदीलही तोच; तुटणार होता तो वर्षानुवर्षांच्या चाकरीचा कंपनीशी असलेला हिशेब.

या नोटिशीच्या अवघ्या अठरा दिवस आधी, २४ ऑक्टोबर रोजी, एक वटहुकूम अमलात आला होता. कामगारास कपातीत काढावयाचे असेल तर एक महिन्याची नोटीस आणि सलग नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन द्यावे, असा दंडक त्याने घातला, आणि लवकरच संसदेने त्यास कायद्याचे रूप दिले. इतकेच नव्हे, तर मालकाने ही रक्कम थकविल्यास ती जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याची तरतूदही झाली. शेतसाऱ्यासाठी रयतेच्या दारी येणारी जप्ती कामगारासाठी मालकाच्या दारी जाऊ शकेल, ही कल्पना मला फार मोलाची वाटते.

कामगारांनी या कायद्याच्या आधारे भरपाई मागितली. मुंबईच्या उच्च न्यायालयात त्यांची सरशी झाली. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. २७ नोव्हेंबर १९५६ रोजी तेथे निकाल लागला तो असा की, चालू धंद्यातील जादा मनुष्यबळ कमी करणे म्हणजे कपात. धंदाच खऱ्या अर्थाने बंद झाला अथवा दुसऱ्याच्या हाती गेला, तर त्यामुळे संपलेली नोकरी ही कपात नव्हे. सुमारे ७७ टक्के नोकरांना सरकारने पूर्वीच्याच वेतनश्रेणीवर घेतले होते, हेही न्यायालयासमोर आले होते. कायद्याच्या शब्दांचा तो अर्थ न्यायदृष्ट्या अमान्य करणे कठीण आहे. पण मालकी बदलली म्हणून माणसाची झिजलेली वर्षे हिशेबातून वगळली जावीत, हे माझ्या बुद्धीस पटत नाही. भरपाई ही बक्षिसी नव्हे. ती कमाईचाच मागे राहिलेला भाग आहे.

सरकारलाही ही उणीव जाणवली असावी, कारण काही महिन्यांतच, एप्रिल १९५७ मध्ये, नवा वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी कायद्यात दोन कलमे दाखल झाली: एक धंद्याच्या हस्तांतराविषयी, दुसरे धंदा बंद होण्याविषयी. हस्तांतरात नोकरी अखंड राहिली, अटी पूर्वीपेक्षा हीन झाल्या नाहीत आणि मागील सेवेचे दायित्व नव्या मालकाने पत्करले, तर भरपाई नाही. एरवी कपातीप्रमाणेच ती द्यावयाची. पुढे गिरणी अथवा कारखाना बंद पडला की कामगार आपली देणी ज्या आधारावर मागू लागले, तो आधार या कलमांनी दिला.

ही कलमे पूर्वलक्षी प्रभावाने लागू करण्यात आली, पण ती २८ नोव्हेंबर १९५६ पासून, म्हणजे निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून. ज्यांच्या दाव्यामुळे कायदा बदलला त्या बार्शी लाइट रेल्वेच्या कामगारांची नोकरी १९५३ सालीच संपली होती, आणि त्या कायद्यातून त्यांच्या पदरी काहीच पडले नाही.