दिव्याचे अल्पायुष्य, पंख्याचे दीर्घायुष्य

मुंबईच्या दिवाबत्तीचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास साधनांची वाण पडत नाही. रस्त्यावरचा दिवा ही आरंभापासून सार्वजनिक खर्चाची बाब असल्याने, कोणत्या साली कोणत्या आळीत काय जळत होते याचा जमाखर्च दप्तरांत नोंदला गेला आहे. पंख्याची गोष्ट निराळी. तो कचेऱ्यांच्या आणि बंगल्यांच्या छताखाली राहिला. त्याची कोणी मिरवणूक काढली नाही, की त्याच्या आगमनाची तिथी कोणी मुक्रर करून ठेवली नाही. या दोघांना आपण आज विजेच्या एकाच बिलात बसवतो खरे, परंतु त्यांचे भूतकाळ इतके भिन्न आहेत की एकात झालेली प्रगती दुसऱ्यात का झाली नाही, हा प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही.

गोविंद नारायण माडगावकरांनी 1863 साली ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध केले, तेव्हा शहराचे रस्ते तेलाच्या दिव्यांवरच भागवीत होते. त्यानंतर अल्पावधीतच गॅसबत्ती आली. 1882 साली ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीने नगरपालिकेशी करार करून क्रॉफर्ड मार्केटात व काही रस्त्यांवर विजेचे दिवे लावून दाखवले. पण पुढच्याच वर्षी त्या कंपनीचे दिवाळे वाजले आणि मंडईतील गाळेधारक मुकाट्याने पुन्हा गॅसच्या उजेडात भाजी तोलू लागले. विजेचा अंमल खऱ्या अर्थाने बसला तो 1905 साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाल्यावर. 1915 साली लोणावळ्याच्या तलावांचे पाणी घाट उतरून खोपोलीच्या जनित्रांवर पडू लागले, तेव्हा सह्याद्रीवरचा पाऊस गिरणगावाच्या कामी आला, आणि 1947 च्या ऑगस्टात, स्वातंत्र्यदिनाच्या आठवडाभर आधी, 1905 सालची ती बॉम्बे इलेक्ट्रिक कंपनी नगरपालिकेच्या ताब्यात आली.

या सर्व स्थित्यंतरांत जी एक गोष्ट नकळत हरवली, ती म्हणजे जळणाऱ्या वस्तूचे दर्शन. कंदिलाच्या काळात घरातील थोरली मुलगी तिन्हीसांजेपूर्वी काच राखेने पुसून ठेवी, वातीचा काजळलेला कडा कातरी आणि तेल किती उरले ते डोळ्यांनी पाही. काटकसर आणि देखभाल ही दोन निराळी कामे आहेत असे तिला कधी वाटले नसेल. वीज आली आणि उपभोग्य वस्तू जिन्याखालच्या मीटरात जाऊन बसली. तिची गाठ महिन्यातून एकदा, तीही आकड्यांच्या रूपाने पडू लागली.

पंख्याचा खर्च मात्र एके काळी डोळ्यांना फारच स्पष्ट दिसत असे, कारण तो खर्च म्हणजे एक मनुष्य होता. न्यायालयांत आणि मुलकी कचेऱ्यांत आढ्याला टांगलेल्या लांब लाकडी चौकटीस कापडाची झालर लावलेली असे. तिची दोरी भिंतीच्या छिद्रातून ओसरीवर गेलेली असे आणि तेथे पंखेवाला बसून, कित्येकदा आडवा पडून पायाच्या अंगठ्याला दोरी बांधून, ती ओढीत राही. आत न्यायाधीशाच्या कपाळावरचा घाम सुके. बाहेर याच्या कपाळावरचा सुकवणारा कोणी नसे. उन्हाळ्यापुरता तैनात केलेला हा नोकर वेतनपटात सर्वांत खालच्या ओळीत असे. रात्रपाळीत त्याला डुलकी लागली, वारा थांबला आणि जागा झालेल्या साहेबाने त्याला लाथ घातली, त्यात तो दगावला, असे खटले त्या काळात चालले आहेत. प्लीहा आधीच वाढलेली होती, हा बचाव पुढे करून आरोपी नाममात्र दंडावर सुटल्याचेही दाखले आहेत. काटकसरीच्या इतिहासात हे प्रकरण कोणी घालत नाही; मला ते घालणे आवश्यक वाटते.

विजेच्या पंख्याने या माणसाची सुटका केली (आणि त्याची रोजीही घेतली, हे ओघाने आलेच). 1880 च्या दशकात अमेरिकेत फिलिप डील याने शिवणयंत्राच्या मोटारीला पाती जोडून छताचा पंखा सिद्ध केला. पुढे त्याच जातीचे यंत्र आपल्याकडे घरोघर पोहोचले आणि मग, आश्चर्य म्हणजे, तेथेच थांबले. ज्या अवधीत दिव्याने कार्बनची तार टाकून टंगस्टनची घेतली, नंतर नळीचे रूप धारण केले, पुढे ती नळी मुडपून आखूड केली आणि अखेरीस तारही नाही नि वायूही नाही अशा एलईडीत प्रवेश केला, त्या सबंध अवधीत आपल्या डोक्यावरचा पंखा सुमारे 75 वॅट खात, आणि त्यातील निम्म्याहून अधिक विजेची निव्वळ उष्णता करीत, निर्विकारपणे फिरत राहिला.

याचे कारण शास्त्रज्ञांच्या अनास्थेत शोधण्याऐवजी मी या दोन वस्तूंच्या आयुर्मानात शोधतो. पिवळा बल्ब हजारएक तास जळला की संपे. तो वारंवार मरे, म्हणून घरमालकाला वारंवार दुकानात जावे लागे, आणि दर खेपेस नव्या वाणाला घरात शिरण्याची संधी मिळे. 2014 साली निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल तिघा जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. 2015 च्या जानेवारीत आपल्या सरकारने एलईडी दिव्यांच्या प्रसारासाठी ‘उजाला’ योजना सुरू केली. आणि 2014 साली 310 रुपयांस खरेदी होणारा दिवा घाऊक मागणीच्या जोरावर 2016 पर्यंत 38 रुपयांवर आला. ही क्रांती इतक्या त्वरेने झाली, कारण जागा रिकामीच होत होती.

पंखा मात्र मरत नाही. चाळीत खोली घेतानाच तो टांगलेला असतो; टांगणाऱ्याने तो स्वस्तात घेतलेला असतो आणि बिल भरणारा भाडेकरू असतो. मंद झाला तर कोपऱ्यावरचा वायरमन कंडेन्सर बदलतो, खडखडला तर बेअरिंग, जळला तर कॉइल नव्याने भरून देतो. हलक्या तारेने भरलेली कॉइल पूर्वीपेक्षा अधिक वीज ओढते. पण वारा येतो आहे तोवर ते विचारतो कोण? जुना पेटीवजा रेग्युलेटर तर गती मंद केल्यावर वाचणाऱ्या विजेचा मोठा वाटा स्वतःच गरम होण्यात उडवीत असे, आणि त्याला हात लावून पाहणारास ते कळतही असे. पात्यांवरचा धुळीचा थर दिवाळीखेरीज कोणी पुसत नाही, आणि वारा कमी झाला की दोष विजेच्या दाबाला दिला जातो.

अलीकडे हे स्थैर्य मोडले आहे. फिरत्या भागात कायमचे लोहचुंबक बसवलेला ‘बीएलडीसी’ पंखा 30 वॅटांच्या आसपास तितकाच वारा देतो. दिवसाकाठी दहा तास फिरणाऱ्या पंख्यामागे पाऊण युनिटाऐवजी सुमारे 0.3 युनिट पडते. तो सामान्य ग्राहकापर्यंत नेण्याच्या कामी मुंबईच्या आयआयटीतून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनी 2012 साली काढलेल्या ॲटमबर्ग या कंपनीचा वाटा ठळक आहे, आणि 2023 च्या जानेवारीपासून छताच्या पंख्यांनाही ताऱ्यांचे मानांकन सक्तीचे झाले आहे.

मौजेची गोष्ट अशी की, याच सुमारास दोघांनी आपले स्वभाव बदलून घेतले. एलईडी पिवळ्या बल्बासारखा अकस्मात जाईलच असे नाही. बंद शेडमध्ये कोंडून त्याचा आतला ड्रायव्हर (प्रवाह नियंत्रित करणारा भाग) तापला नाही, तर तो वर्षानुवर्षे हळूहळू क्षीण होत जातो. मूळ प्रकाशाच्या 70 टक्क्यांवर उतरला म्हणजे त्याची मुदत भरली असे जाणकार मानतात, पण घरातल्यांना त्याची वार्ताही नसते. उलट नव्या पंख्याच्या पोटात इलेक्ट्रॉनिक सर्किट आले. ते विजेच्या चढउतारात एका क्षणात जाते, आणि कंडेन्सर बदलणाऱ्या कोपऱ्यावरच्या वायरमनचा तेथे इलाज चालत नाही. म्हणून पंखा घेताना तारे मोजून झाल्यावर दुकानदारास आणखी एक प्रश्न विचारावा: हमीची मुदत संपल्यावर याचे सर्किट मिळेल काय, आणि किती रुपयांस? वॅटांविषयी तो उत्साहाने बोलतो. या प्रश्नाला मात्र बहुधा कंपनीचा दूरध्वनी क्रमांक लिहून देतो.