एका बारात सारे रान

बंदुकीपासून आपले बोलणे कितीही दूर गेले असले, तरी मराठीत ‘बार’ हा शब्द अजून ठाण मांडून बसला आहे. कोणाचा बार फुसका निघतो, कोणी बार उडवून मोकळा होतो, आणि एखाद्या घरी लग्नाचाही बार उडतो. पण बार ‘उडविण्या’पूर्वी तो ‘भरावा’ लागत असे, हे आपण विसरलो. ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बार हातानेच भरला जाई. नळीच्या तोंडातून मापाने दारू ओतायची, त्यावर तेल किंवा चरबी लावलेल्या चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी बसवायची आणि गजाने ती पुरती ठासायची. मग कानावर टोपी चढवायची. दारू किती, गोळी केवढी आणि चिंधी किती जाड, हा सारा हिशेब शिकाऱ्याचा स्वतःचा. तो चुकला तर दोष द्यायला कारखानदार नव्हता!

या हिशेबातूनच एक कोडे निघाले आणि ते पुढे शंभर वर्षे हिंदुस्थानातल्या शिकाऱ्यांना छळत राहिले. आपल्याकडच्या रानात पंचवीस किलोच्या आतबाहेरचा चिंकारा आहे आणि आठ-नऊशे किलोंचा गवाही आहे. त्यांच्या मधोमध चितळ, रानडुक्कर, अस्वल, सांबर आणि वाघ. सकाळी निघालेल्या माणसापुढे दिवसभरात यातले काय उभे राहील, ते त्याला ठाऊक नसे. नळीत भरलेला बार ऐनवेळी बदलता येत नाही. तेव्हा या सर्वांना पुरेल असा एकच बार असू शकतो काय?

हा प्रश्न हौशी लोकांचा वाटेल. पण त्याची दुसरी बाजू भीषण होती. बार अपुरा पडला तर जनावर मरत नाही, जखमी होते. आणि जखमी वाघ झुडपात शिरला की त्याच्या मागावर साहेबाआधी जातो तो हाकारा. खानदेशात हे हाकारे बहुधा भिल्ल असत.

खानदेश म्हटले की आपण जळगाव-धुळ्याकडे बोट दाखवितो. परंतु नाशिक जिल्हा १८६९ मध्ये स्वतंत्र झाला, आणि त्यापूर्वी मालेगाव-बागलाणचा मुलूख खानदेशातच मोडत असे. वाघ तेथे किती होते याची कल्पना एका प्रसिद्ध गोष्टीवरून यावी. १८१९ च्या एप्रिलमध्ये मद्रास घोडदळाचा जॉन स्मिथ हा अधिकारी वाघाच्या मागे निघाला आणि त्याच्या नजरेस पडली ती अजिंठ्याची लेणी. दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्याने आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली. त्या खोडसाळपणाबद्दल आज आपण त्याच्यावर रागवावे की त्याचे आभार मानावेत, हे ज्याचे त्याने ठरवावे.

त्यानंतर सहा वर्षांनी, १८२५ मध्ये, जेम्स औट्रम हा तरुण अधिकारी खानदेशात भिल्ल पलटण उभारण्यासाठी आला. धरणगाव हे त्याचे ठाणे. भिल्लांचा विश्वास त्याने मिळविला तो बऱ्याच अंशी त्यांच्याबरोबर शिकार करून. त्याचे चरित्र लिहिणाऱ्या गोल्डस्मिडने १८२५ ते १८३४ या काळातली मोजदाद दिली आहे : औट्रम आणि त्याचे सोबती यांनी २३५ वाघ मारले, त्यांपैकी १९१ वाघांच्या वेळी औट्रम जातीने हजर होता. या आकड्यापुढे वाचक थबकतो आणि तेथेच थांबतो. आम्हांला मात्र त्याच्या शेजारचा लहानसा आकडा अधिक बोलका वाटतो : २२ वाघ जखमी होऊन गेले. प्रत्येक दहा-अकरा मेलेल्या वाघांमागे एक जखमी वाघ रानात सुटला होता. तो पुढे कोणाच्या वाटेत आला, याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

त्या काळच्या बंदुकीचे ‘बोअर’ मोजण्याची रीत मोठी गमतीची आहे. एक रत्तल शिशाच्या जितक्या गोळ्या होतील तितके बोअर. म्हणजे बारा बोअरची गोळी ही रत्तलाचा बारावा हिस्सा, आपल्या हिशेबाने सव्वातीन तोळ्यांची. आणि बत्तीस बोअरची गोळी सव्वा तोळ्याहूनही कमी. आकडा वाढला की गोळी लहान होते, हे नवख्याच्या लवकर ध्यानात येत नाही. दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. यांत सोऱ्याचा भाग सर्वांत मोठा, शेकडा पंचाहत्तरच्या आसपास. कोळसा हलका आणि लवकर पेटणारा हवा, म्हणून हिंदुस्थानातल्या दारूकामात तुरीच्या काड्यांचा कोळसा नावाजलेला होता. ज्या तुरीने आपले वरण होते, तिच्याच काड्यांनी वाघ पडत होता!

आता नळीला आतून आटे पाडले की गोळी फिरत जाते आणि नेम सुधारतो. पण आटे जर फार पिळाचे असतील आणि दारू भरपूर असेल, तर मऊ शिशाची गोळी त्या आट्यांत फिरतच नाही, त्यांच्यावरून सरळ ओरबाडत बाहेर पडते. म्हणून लष्करी रायफलीत दारू बेताची भरीत. बेताच्या दारूने गोळी सावकाश जाते आणि तिचा मार्ग कमानीसारखा वाकतो. अंतराचा अंदाज थोडा चुकला की गोळी जनावराच्या पोटाखालून किंवा पाठीवरून जाते.

या पेचावर सर्वांत स्वच्छ विचार केला तो कॅप्टन जेम्स फॉर्सिथने. निमाडचा बंदोबस्त त्याच्याकडे होता; बऱ्हाणपूर, अशीरगड आणि सातपुड्याचा सारा कणा त्याने पायाखाली घातला होता. त्याचे ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हे पुस्तक १८७१ मध्ये निघाले आणि त्याच वर्षी तो वारला. त्याआधी त्याने शिकारी रायफलीवर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : सातपुड्याच्या झाडीत बहुतेक बार शंभर यार्डांच्या आतच टाकावे लागतात; तेव्हा लांब पल्ल्याच्या टोकदार गोळीचा सोस कशाला? नळी मोठी घ्या, गोळी गोलच ठेवा, आट्यांचा पीळ इतका मंद करा की कित्येक फुटांत गोळीचा एकच फेरा व्हावा, आणि मग दारू मनसोक्त भरा. पाच ड्रॅम, म्हणजे सुमारे पाऊण तोळा दारू भरली तरी ती गोळी आटे सोडणार नाही. शंभर यार्डांपर्यंत ती जवळजवळ सरळ जाईल आणि अंतराचा हिशेब करण्याची गरजच उरणार नाही. चितळापासून गव्यापर्यंत तोच बार.

आमच्या मते या कोड्याचे हे पहिले खरे उत्तर होय. आणि त्याचे मर्म बंदुकीत नव्हते, रान नीट पाहण्यात होते. विलायतेत बसून कारागीर पाचशे यार्डांचा विचार करीत होते; फॉर्सिथने आपल्या झाडीत किती दूरचे दिसते ते आधी पाहिले.

पण फॅशन कोणाचे ऐकत नाही. त्या सुमारास ‘एक्स्प्रेस’ रायफलींचे दिवस आले. हे नाव लंडनच्या पर्डी या कारागिराने आगगाडीवरून घेतले होते. हलकी, टोकाशी पोकळ गोळी आणि तिच्यामागे भरपूर दारू. हरणावर ती जादूसारखी चाले. वाघाच्या खांद्याच्या हाडावर मात्र वरच्या वरच फुटून जाई, आणि मग पुन्हा तो जखमी वाघ व ते झुडूप. सर सॅम्युएल बेकर या जगभर हिंडलेल्या शिकाऱ्याने त्यावर कडक टीका केली. त्याचा उपाय म्हणजे .५७७ बोअरची रायफल, ६५० ग्रेनची भरीव, शुद्ध शिशाची गोळी आणि सहा ड्रॅम दारू. गोळी आत शिरून छत्रीसारखी पसरावी, पण तिचे तुकडे होऊ नयेत, हे त्याचे सूत्र. ज्यांचा खिसा अशा रायफली पेलत नसे, त्यांच्यासाठी १८८५ च्या सुमारास फॉस्बेरीच्या युक्तीने ‘पॅराडॉक्स’ बंदूक निघाली. नळी सारी गुळगुळीत, फक्त तोंडाशी काही इंच आटे. त्याच नळीतून छरे घालून तित्तिर मारावा आणि गोळी घालून अस्वल.

काळ्या दारूचा एक दोष मात्र कोणालाही काढता आला नाही. बार होताच समोर धुराचा पडदा उभा राही. वाघ पडला की अंगावर येतो आहे, हे कळण्यास जो एक क्षण लागे, तोच शिकाऱ्याचा नि हाकाऱ्याचा सर्वांत लांब क्षण!

१८९० नंतर बिनधुराची कॉर्डाइट दारू आली आणि बार भरण्याचे काम शिकाऱ्याच्या हातून कारखान्याच्या हाती गेले. गंमत अशी की, कारखान्यालाही खानदेशचा उन्हाळा आडवा आला. वाघाची शिकार एप्रिल-मे महिन्यांत, पाणवठे आटल्यावर होत असे. त्या उन्हात काडतूस तापले की कॉर्डाइटचा दाब वाढतो. विलायतेच्या थंडीत मोजून भरलेले काडतूस येथे नळीत अडकून बसे. म्हणून उष्ण प्रदेशांसाठी थोडी कमी दारू घातलेली निराळी काडतुसे काढावी लागली.

१८९८ मध्ये रिग्बीने .४५० बोअरचे कॉर्डाइट काडतूस काढले. आता प्रश्न सुटला असे सर्वांना वाटले. तो सुटला नाही, कारण मध्ये सरकार आले. यामागे पन्नास वर्षांची भीती होती. १८५७ च्या ऑक्टोबरात आपल्याच सिन्नर तालुक्यात, नांदूर-शिंगोट्याच्या डोंगरात, भागोजी नाईकाच्या भिल्लांनी पोलीस सुपरिंटेंडेंट हेन्री यास गोळी घालून ठार केले. ज्या भिल्लांना साहेबांनी शिकारीस नेले, त्यांच्या जातभाईंचाच हा नेम! १८७८ च्या शस्त्रकायद्याने एतद्देशीयांच्या बंदुकीस परवान्याची वेसण घातली आणि गोऱ्यांना त्यातून मोकळे ठेवले. मार्टिनी-हेन्री या जुन्या लष्करी रायफलीची गोळी .४५० ची, शिकारीची काडतुसे फोडून ती बंडखोरांच्या हाती जातील या धास्तीने १९०७ च्या सुमारास सरकारने या बोअरची आयातच बंद केली. लंडनच्या कारागिरांनी मग घाईघाईने .४६५, .४७० आणि .४७५ अशी काडतुसे काढली. जगभरचे शिकारी आजही .४७० चे गुण गातात. त्याच्या जन्मास वाघ कारण नव्हता, राज्यकर्त्यांची भीती कारण होती, हे त्यांतल्या किती जणांस ठाऊक असेल? ही भीती निराधारही नव्हती. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांच्या हाती ब्राउनिंग पिस्तूल होते, आणि ते परवान्याने आलेले नव्हते.

या गोंधळानंतर १९१२ मध्ये हॉलंड अँड हॉलंडने .३७५ मॅग्नम काढली. तिची खुबी अशी की २३५, २७० आणि ३०० ग्रेन या तिन्ही वजनांच्या गोळ्या नेहमीच्या अंतरावर जवळजवळ एकाच ठिकाणी लागत. माशी हलवावी लागत नसे. त्यातही अनुभवी माणूस ३०० ग्रेनची, म्हणजे पावणेदोन तोळ्यांहून थोडी कमी भरणारी गोळीच घेऊन फिरे. चितळासाठी ती जरा जास्त, गव्यासाठी जेमतेम, पण कोठेही अगदी अपुरी नाही. फॉर्सिथच्या सव्वातीन तोळ्यांचे काम निम्म्याच्या आसपासच्या शिशाने होऊ लागले, कारण वेग बराच वाढला होता. ज्याला एकच काडतूस निवडावयाचे होते त्याने हेच निवडले. याच्या उलट जिम कॉर्बेटची लाडकी रायफल .२७५ ची, अगदी हलकी. पण कॉर्बेटसारखा धीर आणि नेम ही काही कोणाच्या काडतुसात भरून मिळत नाही.

आपल्या सामान्य शेतकऱ्याच्या हाती यांतले काहीच आले नाही. लष्कराचे .३०३ त्याला वर्ज्य. म्हणून देशी कारखान्याची.३१५ रायफल परवानाधारकांत रूढ झाली, आणि पेठ-सुरगाण्याकडे रानडुकरांपासून भात राखणारा माणूस ठासणीच्याच बंदुकीत हाताने बार भरीत राहिला.

तोवर रानच रिते होत आले होते. राजर्षी शाहू महाराजांचे दाजीपूरचे शिकारीचे रान १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झाले. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीस बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, आणि १९७३ च्या व्याघ्र प्रकल्पातल्या पहिल्या नऊ रानांत मेळघाट होते, म्हणजे फॉर्सिथच्याच सातपुड्याचा एक भाग.

बार भरण्याची विद्या मात्र एका निराळ्या हाती शिल्लक आहे. गोदावरी-दारणेच्या काठच्या उसात बिबट्या अडकला की वनखात्याचा माणूस भुलीच्या औषधाची सुई मारणारी बंदूक घेऊन येतो. त्याला प्रथम जनावराचे वजन डोळ्यांनी अजमावावे लागते. मग त्या मानाने औषध, आणि अंतराच्या मानाने सुई फेकणाऱ्या वायूचा दाब. औषध कमी पडले तर बिबट्या अर्धवट शुद्धीत माणसांच्या गर्दीत घुसतो. जास्त झाले तर तो पुन्हा उठत नाही. दाब जास्त झाला तर सुई हाडापर्यंत जाते. मादी असेल, पिलू असेल, उपाशी असेल, तर माप पुन्हा बदलते. हा बार तो दरवेळी नव्याने भरतो, आणि बहुधा भोवती जमलेले शेदोनशे लोक त्याला ओरडून घाई करीत असतात.