एक्स-रेच्या आधी ओळखलेले हाड

पाय घसरला की आपण नकळत हात पुढे करतो. तळहात जमिनीवर टेकतो आणि अंगाचा सारा भार मनगटावर येतो. अशा वेळी बहुधा अंगठ्याच्या बाजूचे हाड, म्हणजे रेडियस, मनगटाजवळच्या टोकाशी मोडते. मोडलेला तुकडा पंजासह हाताच्या पाठीकडे सरकतो. बाजूने पाहिले तर हात जेवणाच्या काट्यासारखा वाकलेला दिसतो. उतारवयात हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रियांमध्ये हे विशेष आढळते. डॉक्टर याला ‘कॉलिसचा अस्थिभंग’ म्हणतात. हा कॉलिस कोण होता?

अब्राहम कॉलिसचा जन्म 1773 साली आयर्लंडमधील किलकेनीजवळ झाला. असे सांगतात की, शाळेत असताना नदीला पूर आला आणि एका डॉक्टरच्या घरातले शरीररचनेचे पुस्तक वाहत येऊन शेतात पडले. ते अब्राहमला सापडले. तो ते परत द्यायला गेला, तेव्हा त्याची आवड पाहून डॉक्टरने पुस्तक त्यालाच देऊन टाकले. गोष्ट खरी असो वा नसो, पुढचा प्रवास मात्र नोंदलेला आहे. डब्लिन आणि एडिंबरा येथे शिक्षण झाल्यावर 1799 पासून तो डब्लिनच्या डॉक्टर स्टीव्हन्स रुग्णालयात शल्यचिकित्सक झाला. 1802 मध्ये, वयाची तिशीही गाठली नसताना, तो आयर्लंडच्या शल्यचिकित्सकांच्या रॉयल कॉलेजचा अध्यक्ष झाला. 1804 पासून बत्तीस वर्षे त्याने तिथे शिकवलेही.

1814 साली त्याने एडिंबराच्या एका वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. तोवर असे वाकडे मनगट दिसले की बहुतेक वैद्य म्हणत, सांधा निखळला. फ्रान्समधील पूतो याने हे हाड मोडते असे आधीच लिहिले होते, पण फारसे कुणी लक्ष दिले नव्हते. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून 81 वर्षे होती. इतकेच काय, अशा मोडलेल्या हाडाचे शवविच्छेदन करण्याची संधीही कॉलिसला मिळाली नव्हती. मग त्याला कळले कसे?

त्याने रुग्णाचा पंजा धरून हळूच ओढला. मनगट सरळ झाले. सोडताच पुन्हा वाकडे झाले! निखळलेला सांधा एकदा जागेवर बसला की सहसा तिथेच राहतो. इथे तसे होत नव्हते. म्हणजे दोष सांध्यात नव्हता, सांध्याच्या वरच्या हाडात होता. उपायही यातूनच निघाला: हात ओढून सरळ करायचा आणि पुढून-मागून फळ्या बांधून तसाच धरून ठेवायचा.

अर्थात त्याचे सगळेच बरोबर नव्हते. हाड मनगटापासून सुमारे दीड इंचावर मोडते असे त्याने लिहिले. रॉबर्ट स्मिथ याने पुढे दाखवले की मोड बहुधा त्याहून जवळ, इंचभराच्या आत असते. दुसरी चूक मोठी होती. जन्मतः उपदंश झालेल्या बाळाला पाजणाऱ्या दाईला तो रोग होतो, पण आईला होत नाही, हे कॉलिसने 1837 मध्ये नोंदवले. निरीक्षण अचूक होते. त्यावरून आई निरोगी आहे असा अर्थ लावला गेला, तो मात्र चुकीचा होता. तिला रोग आधीच झालेला असे, फक्त बाहेर दिसत नसे. 1906 मध्ये रक्ताची वासरमान तपासणी आली, तेव्हा हे स्पष्ट झाले.

1843 साली कॉलिस वारला. आपल्या आजाराचे खरे स्वरूप समजावे म्हणून मृत्यूनंतर आपला देह तपासावा, असे त्याने आधीच सांगून ठेवले होते. ती तपासणी स्मिथनेच केली.

वर्गात ही गोष्ट सांगताना प्रत्येकाला आपले मनगट चाचपून अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचे टोक शोधू द्यावे. मग विचारावे: यंत्र नसताना, हाड मोडले की सांधा निखळला, हे तुम्ही कसे ओळखाल? उत्तर लगेच सांगू नये.